मुंढव्याच्या फेसापासून भिगवणच्या चिलापीपर्यंत, नदीकाठानं सायकलवर

पुण्यात नदी म्हणजे पुलावरून जाताना रिक्षात नाकाला रुमाल लावायची जागा. बंडगार्डनच्या पुढं ती कुठं जाते हे विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतील. खरं तर सोपं आहे. दापोडीला पवना मुळेला मिळते, संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एक होतात, तिकडं इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते, आणि हे सगळं दौंड तालुक्यात वाळकीच्या संगमावर एकत्र होऊन पुढं भीमा म्हणून दौंडवरून सोलापूरकडच्या उजनी धरणात पडतं. म्हणजे पुणे-पिंपरी-चिंचवडनं अंघोळ केली, भांडी घासली की ते पाणी चाललं उजनीला, आणि आपण गाडीत पेट्रोल घालून त्याच पाण्यातले फ्लेमिंगो बघायला भिगवणला जातो. माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं की एकदा या पाण्याच्या सोबतीनं सायकलवर जायचं, हायवे टाळून, जमेल तिथं काठाकाठानं.

सोबत माझी मैत्रीण, तिला इथं बँकवाली म्हणते कारण ती ट्रिपमध्येही हिशोबच करत होती. दोघी पंचेचाळिशीच्या आसपास, दोघींच्या साध्या हायब्रिड सायकली, मागं कॅरियरला एकेक पिशवी. संक्रांतीला जोडून सुट्टी मिळाली तेव्हा निघालो.

आधीच एक कामाची गोष्ट सांगते. पुणे-दौंड रेल्वेलाइन सोलापूर हायवे आणि नदी यांच्या मधून जाते. उरुळीच्या पुढचे नदीकाठचे बहुतेक रस्ते या लाइनच्या उत्तरेला आहेत, म्हणजे मॅप बघताना रूळ ओलांडून दक्षिणेला आलात की समजायचं हायवे जवळ आला, मागं फिरा. आणि पाय गळाले तर लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस, कुठलं ना कुठलं स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर असतंच. घरच्यांना हे सांगितलं की परवानगी लवकर मिळते.

पहिला दिवस, भोगी: हडपसर ते पारगाव

सकाळी सहाला मुंढव्याच्या पुलावर अंधार, धुकं आणि तो वास. उजाडायला लागलं तसं खाली पांढरा फेस दिसला, बर्फासारखा थरावर थर, आणि कडेनं जलपर्णी. इथंच जॅकवेल आहे, तिथून शहराचं सांडपाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली-दौंडच्या शेतांना जातं. थांबावंसं वाटत नव्हतं पण थांबलो, कारण मग पुढं फरक कळतो.

मांजरी ओलांडली आणि कोलवडीच्या रस्त्याला लागलो की ट्रॅफिक अचानक कमी. नर्सऱ्या, गुलछडीची शेतं, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटरसायकली, एवढंच. धुक्यात पुढचं पन्नास फुटांवरचं दिसत नव्हतं, हातमोजे ओले. थेऊरला पूल ओलांडून देवळात गेलो. चिंतामणीचं दर्शन मोकळं मिळालं, गर्दी नव्हती. थोरले माधवराव पेशवे इथंच १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, रमाबाई सती गेल्या तिथलं वृंदावन नदीकाठी आहे. तिथं उभं राहून नदी बघितली तर काळी. अगदी काळी, आणि वर मस्त सोनेरी ऊन. बँकवाली म्हणाली, फोटोत वास येत नाही हे बरंय.

थेऊर ते कोरेगाव मूळ हा पट्टा मला सगळ्यात आवडला पुणे सोडल्यापासून. दोन्ही बाजूला ऊस, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता, पण डांबर बरं. फक्त उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रेलर लावलेले, गाणी फुल आवाजात, आणि ड्रायव्हरला मागचं काहीच ऐकू येत नाही. तेव्हा ट्रॅक्टर दिसला की सरळ साइडपट्टीवर उतरायचं, मानापमान नको. रस्त्यावर पडलेल्या पाचटावरून ब्रेक मारायचा नाही, सायकल सर्रकन घसरते. ट्रेलरला मागं रिफ्लेक्टर असेलच असंही नाही, म्हणून अंधारात या रस्त्यांवर सायकल नको. दुसरं कारण बिबट्या. इथं ऊसपट्ट्यात बिबटे आहेत, गावोगाव लोक सांगतात, आम्ही कडेला फोटो काढायला थांबलो तर एका आजोबांनी लांबूनच ओरडून हुसकावलं, "ताई, उसाला पाठ करून बसू नका."

उरुळी कांचनला गावात घुसायचं कारण एकच, निसर्गोपचार आश्रम. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, मग मणिभाई देसाईंनी आयुष्यभर सांभाळला. आम्ही नुसतं झाडाखाली बसून आणलेले तिळाचे लाडू खाल्ले. बायकांसाठी टीप: स्वच्छ टॉयलेट या रूटवर उरुळीनंतर दौंडपर्यंत शोधावंच लागतं. आम्ही सरळ घरात विचारायचो, कुठंही नाही म्हणाले नाहीत, उलट चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हते आणि मग पुढच्या गावात परत तोच प्रश्न.

उरुळीवरून परत नदीकडं वळून राहूच्या दिशेनं. एका बाजूला मुळा-मुठा, एका बाजूला भीमा, मध्ये हा तुकडा, म्हणून राहू बेट म्हणतात. इथं गुऱ्हाळं किती आहेत ते नाकालाच कळतं. शहराचा वास केव्हा संपला आणि गुळाचा केव्हा सुरू झाला ते नक्की नाही सांगता येणार, पण मध्ये एक किलोमीटरभर दोन्ही मिक्स होते आणि ते फार वाईट होतं.

एका गुऱ्हाळावर थांबलो. मोठी काहील, खाली चुलवाणात एक पोरगा बसून वाळलेलं चिपाड ढकलत होता, चेहरा लालभडक. वर रस खदखदत होता, गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं हिरवट-काळी मळी बाजूला ओढत होता. मळी वर यायला भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात, बादलीत ठेचलेल्या भेंडीचा बुळबुळीत लगदा होता तो बोट लावून बघितला, नाकातल्या सर्दीसारखा! मग रसाचे बुडबुडे मोठे व्हायला लागले तसं तो बोलायचा थांबला. वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब सोडला, दोन बोटांत दाबला, परत एक थेंब. तिसऱ्या वेळेला गोळी वाटीवर आपटली, टक् असा आवाज आला, आणि त्यानं एकच शब्द टाकला, "उतार." चार माणसं धावली, काहील कलंडली, गूळ वाफ्यात. हे सगळं दहा सेकंदांत, आम्ही भिंतीला चिकटून. माणूस यूपीचा होता, दर वर्षी सीझनला येतो, मराठी आमच्यापेक्षा दौंडची. द्रोणात गरम काकवी दिली, वर भुईमुगाच्या शेंगा. बँकवालीनं पैसे काढले तर म्हणाला भोगीच्या दिवशी गोडाचे पैसे घेत नाहीत.

हेही सांगायला पाहिजे की पुढं एका ठिकाणी चुलवाणात चिपाडाऐवजी कसले तरी रबराचे तुकडे जात होते, धूर काळाकुट्ट, तिथं थांबलोच नाही. गूळ घ्यायचा असेल तर आधी धुराचा रंग बघून घ्या.

वाळकीच्या संगमावर दुपारी तीनला पोचलो. देऊळ, घाट, चार-दोन माणसं. समोरून भीमा येते, इकडून आपली. पाण्याचा रंग वेगळा दिसतो असं ऐकून होते, आणि दिसला, आपलं जरा जास्त गडद, थोडं अंतर दोघी शेजारून चालतात आणि मग कळेनासं होतं. घाटावर एक बाई धुणं धूत होत्या. कुठून आलात, पुण्यातून, सायकलवर, का? शेवटच्या प्रश्नाला मला कधीच उत्तर येत नाही. मी म्हणलं, नदी बघायला. त्या पाण्याकडं बघून म्हणाल्या, "मग आता बघितली ना, तिकडं सांगा जरा." आणि परत आपटायला लागल्या.

मुक्काम पारगावजवळ वस्तीवर, बँकवालीच्या ब्रँचमधल्या एका सहकाऱ्याच्या आई-वडिलांकडं. नको नको म्हणत गेलो आणि मग उठवेना. भोगीची भाजी, म्हणजे पावटा, वांगं, गाजर, हरभरा, बोरं, शेंगदाणे, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी चुलीवरून थेट ताटात. वर लोण्याचा गोळा. पुण्यातही आम्ही भोगी करतो पण भाजी पाव किलोच्या रेडी पॅकेटातली, ती आणि ही बहिणीसुद्धा नाहीत. काकूंनी रात्री चार-चार गोधड्या दिल्या आणि तरी पहाटे गारठलो. काकांनी झोपताना विचारलं की परवा कर आहे, करीला प्रवास करत नसतात माहितीये ना? बँकवाली म्हणाली काका आम्ही जाणार नाही, सायकल जाणार.

दुसरा दिवस, संक्रांत: पारगाव, दौंड, सिद्धटेक

वारा. हिवाळ्यात इकडं सकाळी वारा पूर्वेकडून असतो आणि आम्ही पूर्वेलाच चाललेलो, सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं. ज्यांना वेळ आहे त्यांनी उलटं करावं, रेल्वेनं दौंडला जाऊन पुण्याकडं सायकल मारावी, पाठीवर वारा मिळेल. पण मग नदी उलटी वाचल्यासारखं होतं, ते मला नको होतं.

नानगाव, कानगाव, हा भीमेच्या काठचा पट्टा. नदी इथं रुंद, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळं पाणी तुंबलेलं, हिरवट, वास जवळजवळ नाही. मोटारींचे पाइप काठावरून शेतात गेलेले, ढीगभर, एकमेकांवरून. खंड्या तारेवर बसलेला. रस्ता कधी काठाला येतो, कधी उसात हरवतो. मध्ये एका शेताच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, बीडकडची टोळी. फडात तोड चालूच, सणबिण काही नाही. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रेलरच्या फळीवरून वर चढत होती, खाली आल्यावर माझ्या सायकलचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाली हवा कमी हाय. खरंच कमी होती. बाभळीचा काटा. पंक्चर काढेपर्यंत तिचा पाच-सहा वर्षांचा मुलगा पंप धरून उभा, पंप मारायला मिळाला म्हणून जो काय खूश! टीप तुम्हाला कळलीच असेल, पण सांगते: कालव्याच्या भरावावरून आणि शेतातल्या कच्च्या रस्त्यानं बाभळी आहेत, दोन जादा ट्यूब घ्या, आणि पातळ रोड टायर असेल तर डांबर सोडूच नका.

एका गावात विठ्ठलाच्या देवळापाशी बायका ववसायला जमलेल्या. काळ्या साड्या, सुगडं, त्यात उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. आम्ही हेल्मेट, गॉगल, फुल बाह्यांचे निऑन टीशर्ट. आधी सगळ्या गप्प झाल्या, मग एक म्हातारी म्हणाली "आगं बायकाच हायत्या," आणि मग काही खरं नाही. हेल्मेट काढायला लावलं, हळदी-कुंकू लावलं, टीशर्टच्या मागच्या खिशात मूठमूठ बोरं कोंबली. एकीनं नाव घ्यायला लावलं. मला उखाणा आठवेना तर बँकवालीनं माझ्या नवऱ्याच्या नावाचा तिथल्या तिथं रचून मला सांगितला, त्यात सायकलची चेन आणि नवऱ्याचं पेन असं काहीतरी यमक होतं, बायका हसून लोळायच्या बाकी. एक सुनबाई हळूच सायकलवर बसून अंगणात दोन चकरा मारून आली. साडी वर खोचून. शाळेला रोज सायकलनं जायचे म्हणाली, लग्नानंतर आजच. तिला खाली उतर म्हणायची कुणालाच घाई नव्हती.

दौंडमध्ये काही थांबण्यासारखं नाही, मिसळ बरी मिळाली, पाणी भरलं, पुलावरून नदी बघितली. पण पावसाळ्यात या गावाचं नाव सोलापूरकरांच्या तोंडी रोज असतं, दौंडवरून किती क्युसेक चालू आहे यावर उजनी किती भरणार ते ठरतं. पुण्याची धरणं भरली की खडकवासल्यातून पाणी सुटतं, आपण भिडे पूल बंद झाला म्हणून वैतागतो आणि तिकडं ते पाण्याची वाट बघत असतात.

दौंडनंतर ऊस तसाच, पण घरं विरळ होतात. पलीकडच्या काठाला पेडगाव, तिथल्या बहादूरगडात १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणलं होतं, आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. जायचं होतं पण वाऱ्यानं वेळ खाल्ला. घरी फोनवर सांगितलं पेडगाव राहिलं, तर सासूबाई म्हणाल्या वेड घेतलंयच, आता पेडगाव कशाला राहिलं.

शिरापूरवरून पूल ओलांडला की सिद्धटेक. पूर्वी इथं होडीनं जावं लागायचं, माझ्या लहानपणी अष्टविनायक केलेलं तेव्हा होडीत आजीनं माझा दंड इतका घट्ट धरलेला की वळ उठलेले. पूल झाल्यावर सोय झाली. जिल्हा बदलतो, अहिल्यानगर, कर्जत तालुका. उजव्या सोंडेचा गणपती, देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. मूर्तीमागं टेकडी असल्यानं प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो. हरिपंत फडक्यांचं पेशव्यांकडचं सेनापतीपद गेलं तेव्हा त्यांनी इथं एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि ते परत मिळालं अशी कथा आहे. आम्ही एक घातली, तीही सायकलनं अर्धी, ढकलत अर्धी.

पण त्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ज्वारी लागली! दोन दिवस ऊस बघून डोळे आंबले होते. नदी ओलांडली तर एकदम मोकळं रान, कणसं भरलेली. एका शेतात आगटी पेटवून पोरं हुरडा भाजत बसलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, काढायची, तळहातावर रगडायची, फुंकर मारली की भूस उडालं आणि हिरवे मऊ दाणे हातात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ. गूळ आमच्याकडं राहू बेटाचा होता, तो आम्ही काढला, मग बोरं काढली. त्यांनी विचारलं काय पैज लागलीय का, किती बक्षीस आहे. नाही म्हणल्यावर जरा निराश झाले.

राहायला भक्तनिवासात साधी खोली मिळाली. सणाच्या दिवशी आधी फोन करून ठेवा.

तिसरा दिवस, कर: सिद्धटेक ते कुंभारगाव

परत पूल ओलांडून मलठण, राजेगाव, खानोटा. अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात शांत रस्ता हा. तासाभरात मोजून काही गाड्या, त्याही दुधाच्या. वारा पडलेला. करीला प्रवास करत नाहीत ते खरंच असावं, रस्ता आमच्या दोघींच्याच नावावर. खड्डे आहेत मात्र, काही ठिकाणी डांबर होतं याचा फक्त पुरावा उरलाय, ब्रेक आणि कंबर दोन्ही तपासून या. खानोट्याच्या पुढं नदी नदी राहत नाही, पसरत जाते, काठ लांब जातात, आणि मग सगळीकडं पाणीच. उजनीचं बॅकवॉटर. धरण पार तिकडं टेंभुर्णीजवळ, १९८० ला पूर्ण झालेलं, ११७ टीएमसी, आणि त्याची शेपटी इथपर्यंत.

कुंभारगावला बोट. दर पाण्यात जायच्या आधी ठरवा, आणि खरं तर सकाळी सातला पोचायला हवं, आम्ही साडेदहाला पोचलो तरी पक्षी भरपूर. चित्रबलाक, शेकाटे, कुदळे, चक्रवाक जोडीनं, वारकरी तर शेकड्यानं. रोहित म्हणजे फ्लेमिंगो थोडेच होते, पस्तीस-चाळीस असतील, गुडघाभर पाण्यात मुंडी उलटी घालून चिखल गाळत. नावाडी म्हणाला, गर्दी पाणी उतरेल तशी वाढते, फेब्रुवारी-मार्चला या. त्यानं इंजिन बंद केलं, बांबूनं ढकलायला लागला, आणि आम्ही जवळ जाईपर्यंत ते आपले चरतच होते.

त्याला म्हणलं आम्ही पुण्यातून पाण्याच्या मागं मागं आलोय. तो हसला. मग वल्ह्यानं थोडं पाणी उचलून दाखवलं, हिरवं, बारीक कण तरंगणारे. उन्हाळ्यात याचा थर होतो म्हणे, जाळं धुवून निघत नाही, अंगाला खाज सुटते. पूर्वी मरळ, वाम, शिंगटा सगळं मिळायचं, आता जाळ्यात चिलापीच चिलापी, तिला कसलंही पाणी चालतं. मी विचारलं मग राग येतो का पुण्याचा? म्हणाला, "राग कशाचा, गिऱ्हाईक पण तुम्हीच." बँकवाली पहिल्यांदा काही हिशोब न करता गप्प.

जेवण भिगवणला, चिलापी फ्राय, रस्सा, भाकरी. कर म्हणजे तिखटाचाच दिवस, हॉटेलं भरलेली. काट्याला सांभाळा, पण चव एक नंबर. चिलापी कुठल्या पाण्यातली ते आम्हाला पुण्यापासून माहीत होतं आणि तरी दोघींनी दुसरी प्लेट मागवली, काय ते समजा.

परत रेल्वेनं यायचा प्लॅन होता, दौंडपर्यंत पॅसेंजर आणि पुढं डेमू, पण सायकली चढवण्यावरून स्टेशनवर बराच वेळ घालवून शेवटी नाद सोडला. हॉटेलवाल्यानंच एक पिकअप जोडून दिला, गणेश पेठेतल्या मासळी बाजाराला चाललेला. सायकली मागं क्रेटांवर बांधल्या, आम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी, दोन तासांत हडपसर. ड्रायव्हरनं पैसे आधी नको म्हणत नंतर डिझेलपुरते घेतले. मासळीच्या बर्फाचं पाणी वाटभर सायकलींवर गळलेलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सायकल घातली तर चौथ्या मजल्यावरच्या काकू आत येता येता थांबल्या आणि म्हणाल्या मी जिन्यानं जाते. चेन दोनदा डिझेलनं धुतलीये, कॅरियरच्या पिशवीला अजून येतोच वास.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं एवढंच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, मार्चनंतर दुपारी उसात अडकलेली हवा भट्टी होते. ऊस नको असेल आणि ज्वारी हवी असेल तर दौंडवरूनच नदी ओलांडून श्रीगोंद्याच्या बाजूनं सिद्धटेकला जा, आणि पेडगाव बघून आम्हाला कळवा.